नाताळचा खाडा

डिसेंबर लागला की ख्रिस्ती घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. नाताळ आता पहिल्यासारखा राहिला नाही. पोरं सांताक्लॉजची टोपी घालून रील काढतात, चर्चच्या आवारात साउंड लावतात, भजनाला मात्र बसत नाहीत. करंजीला हात लावत नाहीत, केक आणा म्हणतात. बीड जिल्ह्यात ही तक्रार आष्टीत ऐका नाहीतर अंबाजोगाईत, शब्द तेच. घरातली म्हातारी माणसं बोलतात, पाळकसाहेब उपदेशात बोलतात, आणि पंचेचाळिशीतले काकाही आता त्यांच्या सुरात सूर मिसळू लागलेत.

तक्रार खरी आहे, पण आरोपी चुकीचा पकडलाय. बीडचा नाताळ सांताक्लॉजने बदलला नाही, कोयत्याने बदलला.

आधी ‘पहिल्यासारखा’ म्हणजे कसा, ते बघू. आष्टी-पाटोद्याकडची बरीच ख्रिस्ती घरं आपलं नातं नगरच्या मिशनशी सांगतात. नगरचं मिशन म्हणजे अमेरिकन मराठी मिशन. त्याचे पहिले मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले आणि 1831 साली नगरला ठाणं पडलं. हे लोक आले अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातून. तिथल्या त्यांच्या प्युरिटन पूर्वजांनी नाताळावर बंदी घातली होती. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत 1659 ते 1681 या काळात नाताळ पाळणाऱ्याला 5 शिलिंग दंड होता. बायबलात या सणाची आज्ञा नाही, हे त्यांचं म्हणणं. पुढे बंदी उठली, पण मॅसॅच्युसेट्समध्ये 25 डिसेंबरला सरकारी सुट्टी मिळायला 1856 साल उजाडलं. म्हणजे नगरला मिशनचं ठाणं पडलं, तेव्हा मिशनऱ्यांच्या मुलखात नाताळची सरकारी सुट्टीसुद्धा नव्हती.

मग आपल्या आज्या सांगतात तो नाताळ आला कुठून? तो इथल्याच माणसांनी घडवला. भजन घेतलं वारकऱ्यांच्या वळणाचं. कीर्तन घेतलं मराठी कीर्तनकाराचं. पूर्वरंग, उत्तररंग, मागे टाळकरी, आणि आख्यान मात्र ख्रिस्तजन्माचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे त्यांनी मराठी मंडळीच्या तोंडी शेकडो पदं-अभंग दिले. त्यांनी अर्धवट सोडलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. कोकणातला एक कवी आणि शाळेचं तोंडही न पाहिलेली त्याची बायको, या दोघांनी जे लिहिलं, ते आजही नगर-मराठवाड्यातल्या चर्चमध्ये गातात.

घरातलंही सगळं इथलंच. दिवाळीचा फराळ तोच नाताळचा फराळ. करंज्या, शंकरपाळे, रव्याचे लाडू, चकल्या. दुपारी येसूर घातलेला मटणाचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी. भावकीतलं एक घर ख्रिस्ती, एक बौद्ध, एक हिंदू, असं बीडच्या वस्त्यांत नवीन नाही. त्यामुळे फराळाचं ताट तिन्ही दारांत जायचं. बौद्ध घरात त्याच 25 डिसेंबरला मनुस्मृती दहनाची आठवण होत असायची, कारण 1927 साली महाडला बाबासाहेबांनी ती जाळली ती याच तारखेला. एका दिवसाचे दोन अर्थ एका गल्लीत सुखाने नांदले.

आणि चांदणी. ती कशी करायची, हे ज्या घरात माहीत होतं त्या घराला वस्तीत मान असायचा. बांबू चिरून बोटाएवढ्या रुंद कामट्या काढायच्या, विळ्याने तासून गुळगुळीत करायच्या. पाच कामट्यांचा एक तारा, तसाच दुसरा. दोन्ही एकमेकांवर ठेवून टोकं सुतळीने बांधायची. मग आतल्या पाच कोनांत वीतभर लांबीच्या आडव्या काड्या ठोकून दोन्ही तारे मधोमध फुगवायचे. वरून पतंगी कागद, गव्हाच्या पिठाच्या खळीने चिकटवलेला. खळ पातळ झाली की कागद सुरकुततो आणि घट्ट झाली की गुठळ्या दिसतात. एका बाजूचा कागद खालून मोकळा ठेवायचा, आत दिवा ठेवता यावा म्हणून. शेवटी झिरमिळ्या लावायच्या आणि माळवदावर लांब बांबू रोवून त्याला बांधायची. हे काम बापाचं किंवा चुलत्याचं. पोरांनी खळ ढवळायची, कागद धरायचा आणि शिकायचं.

एवढं सांगितलं ते अशासाठी की, आजीचा नाताळ हासुद्धा एकेकाळचा नवा नाताळच होता. तेव्हाच्या कोणीतरी जुन्या माणसाने ‘चर्चमध्ये ढोलकी कसली?’ म्हणून नाक मुरडलंच असेल. ढोलकी टिकली, कारण ती वाजवणारे हात घरात होते. तेव्हा नातवाने लाल टोपी घातली म्हणून धर्म बुडत नाही. ख्रिसमस ट्री जर्मनांचं, ते इंग्लंडच्या राजवाड्यातून जगभर गेलं. सांताचं आजचं गुबगुबीत रूप अमेरिकन चित्रकारांनी घडवलं आणि 1931 पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी घरोघर नेलं. जगभर सणांची अशी देवाणघेवाण चालूच असते. पोरांना त्यातलं काही आवडलं, तर आवडू द्या.

प्रश्न वेगळा आहे. नवीन आलं ते येऊ दे, पण जुनं गेलं का? जुनं कोणी टाकून दिलं नाही. ते चालवणारी माणसं डिसेंबरात गावात नसतात, म्हणून ते गेलं.

बीडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या भरतात. भांडीकुंडी, कोंबड्या, गोधड्या, तान्ही लेकरं. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, नगर, थेट कर्नाटकात बेळगावपर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत परत यायचं नाही. मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गाव दिसतं. जिल्ह्यातून असे काही लाख लोक जातात. वंजारी जातात, मराठा जातात, बंजारा, धनगर, दलित जातात. ख्रिस्ती मूठभर असले तरी त्यांच्याही घरांतून कोयता जातो. ऊस कोणाची जात विचारत नाही आणि सणही विचारत नाही.

ज्या नगर जिल्ह्यातून या घरांकडे नाताळ आला, त्याच नगर जिल्ह्यात प्रवरानगरला 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. शेतकऱ्याच्या मालकीचा कारखाना, ही मोठीच गोष्ट होती. तिथून कारखाने वाढत गेले, ऊस वाढत गेला आणि तो तोडायला बालाघाटच्या कोरडवाहू डोंगरपट्ट्यातली माणसं लागली. 1972 च्या दुष्काळाने उरलीसुरली घरंही रस्त्यावर आणली. सण आणि कोयता, या घरांना दोन्ही नगरकडूनच मिळाले. नंतर आलेल्याने आधी आलेल्याला खाल्लं.

आता हिशोब लावा. नाताळ 25 डिसेंबरला येतो, ऐन हंगामात. त्या दिवशी बीडच्या घरात कोण असतं? आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी नातवंडं. जिल्हा परिषदेची हंगामी वसतिगृहं आहेत, ती याच लेकरांसाठी. आईबाप उसाच्या फडात. तीन पिढ्यांतली मधली पिढीच सणाला गैरहजर, आणि हे एखाद्या वर्षाचं नाही. आजच्या आजोबांच्या तरुणपणीही असंच होतं. तेही त्यांच्या वेळी मधली पिढी होते आणि फडात होते.

आता पोरांच्या नावाने जी जी ओरड आहे, ती या गैरहजेरीला लावून बघा. भजन का बंद पडलं? पेटीवाला आणि ढोलकीवाला दोघेही तोडीला गेले. कॅरल पार्टी रात्री घरोघर फिरायची तर दहा गडी लागतात, त्यातले आठ गावात नाहीत. उरल्या पोरांनी ब्लूटूथचा स्पीकर लावला, तर त्यांनी दुसरं काय लावायचं होतं? करंजी का गेली? करंजी एकटीने होत नाही. एकीने लाटायची, एकीने भरायची, एकीने कातायची, एकीने तळणीपाशी बसायचं. सुना तोडीवर, आजीचे हात थरथरतात. मग तालुक्याच्या बेकरीतून केक येतो. चांदणी का दिसत नाही? कामट्या तासणारा बाप नाही, म्हणून बाजारातली प्लॅस्टिकची येते. जिथे जिथे माणूस उठून गेला, तिथे तिथे बाजार येऊन बसला. पोरांची यात चूक एवढीच की रिकामी जागा त्यांना बघवली नाही.

आणि जे टिकलं, तेही बघण्यासारखं आहे. आजीला एकटीने जे देता येतं, ते सगळं टिकलंय. झोपताना सांगायच्या गोष्टी टिकल्या. मरिया-योसेफाला धर्मशाळेत जागा मिळाली नाही, ही गोष्ट बीडच्या लेकराला कुठल्याही पाळकापेक्षा आजी चांगली सांगते. ‘तुझी आई जशी तिकडं कोपीत आहे ना, तशीच ती बी होती’ असं म्हटलं की लेकराला पुढे काही सांगावं लागत नाही. जेवणाआधीची प्रार्थना टिकली. शेजारी फराळ देण्याची रीत टिकली, फक्त ताटातला ऐवज बदलला. आजी-आजोबांच्या आवाक्यात जे होतं ते त्यांनी हातोहात नातवंडांना दिलं. दहा माणसं लागणारं सगळं बुडालं.

तिकडे फडात नाताळ कसा असतो? पहाटे तीन-चारला उठायचं. थंडी मी म्हणत असते. कोपी म्हणजे बांबूच्या तिकाटण्यावर टाकलेलं पाचट नाहीतर ताडपत्री, आत उभं राहता येत नाही. चुलीवर भाकरी टाकून फडात. तो तोडतो, ती साळते आणि मोळ्या बांधते. दवाने भिजलेल्या पाचटाने हात फाटतात. दुपारी मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. ट्रॅक्टर रात्री आला तर रात्री भरायची. कोणी कोपीच्या तोंडाशी पाचटाची चांदणी करून अडकवतो. गावाकडून फोन येतो, लेकरू नवे कपडे दाखवतं, रेंज जाते. झाला नाताळ.

‘एक दिवस सुट्टी घ्यावी की’ असं शहरातला माणूस सहज म्हणून जातो. त्याला खाडा माहीत नाही. मजुरी टनावर असते. एक दिवस काम बुडालं की त्या दिवसाचं टनेज बुडालं, आणि वर मुकादम खाडा लावतो. खाडा म्हणजे दंड, तो उचलीत चढतो. दिवसाला 500 रुपये खाडा, असे आकडे 2019 साली देशभर छापून आले. ते का छापून आले, हेही विसरू नका. त्या वर्षी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीडमधल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यातल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत काम बुडतं, काम बुडलं की खाडा बसतो, त्यापेक्षा पिशवीच काढून टाका, असं गणित कित्येक घरांत मांडलं गेलं होतं. जिथे बाईला अंगातल्या दुखण्यासाठी एक दिवस मिळत नाही, तिथे सणासाठी कोण देणार?

आता पुन्हा त्या मॅसॅच्युसेट्सकडे वळा. तिथल्या कायद्यात दंडाचं कारण काय लिहिलं होतं? नाताळ म्हणून काम बंद ठेवणं, मेजवानी करणं. नाताळला काम थांबवलं तर 5 शिलिंग. तो कायदा 1681 साली रद्द झाला. उसाच्या फडात तो अजून चालू आहे, फक्त त्याला खाडा म्हणतात. प्युरिटनांनी निदान धर्माचं कारण दिलं होतं. इथे कारण साखरेचं.

हा एकट्या ख्रिस्ती लोकांचा प्रश्न नाही, आणि तसा तो मांडूही नये. संक्रांत 14 जानेवारीच्या आसपास येते, तीही हंगामात. बीडच्या लाखभर बायका वाणवसा करायचा तो उसाच्या सरीत करतात. ईद हंगामात आली की मुसलमान तोडकऱ्याचीही तीच गत. यात्रा चुकतात, जागरणं चुकतात, वर्षश्राद्धं चुकतात. घरची रीतभात शिकवण्याचे जे दिवस, तेच दिवस कारखान्याला विकलेले असतात. मराठवाड्यातल्या रूढी लोप पावताहेत म्हणून जे चिंता करतात, त्यांनी एकदा गळीत हंगामाच्या तारखा कॅलेंडरवर मांडून बघाव्यात. ते कॅलेंडर एकदा पाहिलं की पोरांच्या मोबाइलला दोष देण्याची घाई राहत नाही.

पुढची पिढी तर वेगळ्याच वाटेला लागली आहे. शिकलेली पोरं चाकणला, रांजणगावला, पिंपरी-चिंचवडला कंपनीत जातात. कोयता सुटला, याचा आनंदच आहे. बीड-अहिल्यानगर रेल्वे, जिची वाट बघत दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या, ती 17 सप्टेंबर 2025 ला धावली. पुण्याकडून घरी येणं आता थोडं सोपं होईल. पण कंत्राटी कामगाराला 25 तारखेची एकच सुट्टी मिळते. एका दिवसात यायचं, जेवायचं आणि परतायचं. त्यात कामट्या तासायला आणि ढोलकीला ताल धरायला वेळ मिळत नाही. ही पोरं तीस वर्षांनी काका होतील आणि तेव्हाच्या पोरांना म्हणतील, नाताळ पहिल्यासारखा राहिला नाही.

तेव्हा रडगाणं पुरे. करायचं काय, ते बोलू.

पहिलं, मंडळ्यांनी. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नगर, या सगळ्या कारखाना-पट्ट्यांत चर्च आहेत. त्यांच्या कॅरल पार्ट्या डिसेंबरात बंगल्याबंगल्यांतून फिरतात. एक रात्र त्या कोप्यांकडे वळवा. ज्याचा जन्म गोठ्यात झाला त्याची गाणी कोपीसमोर गाऊन झाल्याशिवाय तुमची फेरी पुरी झाली, असं मानू नका. आणि बीडच्या पाळकांनी नाताळच्या उपदेशात पोरांना झोडण्याआधी फडातल्या आईबापांची नावं घेऊन प्रार्थना करावी. मंडळीत कोण गैरहजर आहे, हे एकदा मोठ्याने म्हटलं गेलं पाहिजे.

दुसरं, घरांनी. आईबाप डिसेंबरात नसतात, पण एप्रिल-मेमध्ये असतात. पुनरुत्थानाचा सण मार्चअखेर ते एप्रिल या दिवसांत येतो, पट्टा पडण्याच्या सुमाराला. घर भरलेलं असतं तेव्हा करंजी करा. तेव्हाच बापाने पोराला चांदणी शिकवावी, चुलत्याने ढोलकी हातात द्यावी. मे महिन्यात चांदणी केली म्हणून कोणी हसत असेल, तर हसू दे. पोरगा डिसेंबरात एकटा असेल, तेव्हा ती त्याला करता येईल. आज्यांना पाठ असलेली पदं त्यांच्याच चालीत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. ज्या मोबाइलला शिव्या देता, तोच याला उपयोगी आहे.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, कारखान्यांनी आणि सरकारने. दरवर्षी गळिताची तारीख मंत्र्यांची समिती ठरवते. दरवाढीचे करार मोठ्या नेत्यांच्या बैठकीत होतात. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ झाली, ती चांगलीच झाली. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे. पुढच्या करारात एक ओळ घाला: प्रत्येक कोयत्याला हंगामात आपल्या सणाची भरपगारी सुट्टी, आणि त्या दिवसाचा खाडा लावल्यास मुकादमावर कारवाई. नाताळ असो, संक्रांत असो, ईद असो, ज्याचा त्याने निवडावा. कारखाना बंद पडत नाही. टोळ्यांच्या पाळ्या लावता येतात. दुरुस्तीसाठी मिल थांबते, तेव्हा तोडही थांबतेच. यंत्राला जो थांबा मिळतो, तो माणसालाही मिळाला पाहिजे.

बीडच्या नेत्यांनाही एक सांगणं. नाताळच्या शुभेच्छांचे फलक तुम्ही चौकात लावता. ते वाचायचे असतील तर माणसं गावात असायला हवीत. फलकाचा खर्च वाचवा आणि कराराच्या बैठकीत खाड्याचा विषय काढा. तो निघत नाही तोवर पोरांच्या टोप्यांवर बोलायचा अधिकार कोणालाच नाही, ना नेत्याला, ना पाळकाला, ना काकांना.